धावपट्टीपासून किती थांबे?

मी विमान बोलतोय. व्याकरणाच्या मास्तरांनी मला 'ते विमान' करून ठेवलंय, त्यामुळे खरं तर मी 'बोलतंय' असं म्हणायला हवं. पण चव्वेचाळीस वर्षं ढगांत नाक खुपसल्यावर एवढी मोकळीक मी घेणारच. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल चालत जावं.

विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. दोनशे खुर्च्या, हसऱ्या मुली, वाटीएवढ्या खिडक्या. मी त्यातला नव्हे. मला चार खुर्च्या आहेत आणि मागच्या दोघांचे गुडघे पुढच्या दोघांच्या पाठीत रुततात. नाकावर एकच पंखा. पंख छपरासारखे डोक्यावर, त्यामुळे पाऊस आला की चार माणसं माझ्याखाली उभी राहून मलाच नावं ठेवतात. मोठी विमानं तर माझ्याकडे रस्त्यात आडव्या आलेल्या सायकलीसारखं बघतात.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शेपटीचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, एका बाईने ठोकले. त्या दिवशी तिचं नवऱ्याशी बिनसलं होतं, त्यामुळे शेवटचा रिव्हेट जरा वाकडा बसला. तपासनिसाच्या नजरेतून तो सुटला. माणसाला तीळ असतो तसा तो माझ्या अंगावर अजून आहे.

पहिली अकरा वर्षं मी विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत काढली. तिथले विद्यार्थी मला उतरवत नसत, टाकत. दिवसातून वीस वेळा माझी चाकं पोटात जायची आणि शेजारी बसलेला मास्तर डोळे मिटून म्हणायचा, "चांगलं होतं. आता परत एकदा." खोटं बोलायचं कसं ते मी तिथेच शिकलो.

मग वीसेक वर्षं या मालकाकडून त्या मालकाकडे फिरलो आणि मला एका फर्निचरवाल्याने घेतलं. त्याला उडायचं नव्हतं, 'माझं विमान' असं म्हणायचं होतं. चामड्याचं जाकीट घालून तो माझ्या पंखाला टेकायचा, फोटो काढायचा आणि मोटारीने घरी जायचा. सहा वर्षांत चार वेळा उडाला असेल. बाकी त्या काळात माझ्यातून काही उडालं असेल तर त्या चिमण्या. माझ्या नाकात त्यांनी घरटं केलं होतं.

शेवटी त्याचा फोटो काढण्यातला रस संपला आणि मला बघायला डॉक्टर आल्या.

डॉक्टर म्हणजे दातांच्या डॉक्टर. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, बोलणं तुटक. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलायची सोय नाही, असा धंदा असल्यावर दुसरं काय होणार. फर्निचरवाल्याने मला घासूनपुसून चकचकीत केलं होतं, आत अत्तरसुद्धा फवारलं होतं. डॉक्टरांनी चकचकीत भागाकडे पाहिलंच नाही. मेकॅनिकला इंजिनाचं झाकण काढायला लावलं, खिशातून तो दात बघायचा काडीवरचा आरसा काढला, कपाळावर दिवा बांधला आणि माझ्या आत वाकून बघू लागल्या. इतकं जवळून मला कुणीच पाहिलं नव्हतं. मी लाजलो.

"वरून पॉलिश आहे, आतून हिरड्या सुजल्यात," त्या म्हणाल्या. "पण मुळं घट्ट आहेत. घेते."

त्यांचं गाव लहान होतं. दवाखाना ते धावपट्टी, स्कूटरवर दहा मिनिटं. बुधवारी दवाखाना बंद ठेवायच्या आणि माझ्याकडे यायच्या. वारा बरा होण्याची वाट बघत बसलेला माणूस विमानाशी बोलतोच. त्यामुळे जे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही तेही मला ठाऊक असतं. गावात कुणाची अक्कलदाढ आडवी आहे इथपासून मला सगळं माहीत होतं.

डॉक्टरांचे वडील मोठ्या शहरात एकटे राहायचे. चौथा मजला, लिफ्ट नाही. चाळीस वर्षं त्यांनी सत्तावन्न नंबरची बस चालवली होती. बायको गेली, नोकरी संपली, पण शहर सोडायला ते तयार नव्हते. माझ्याबद्दल त्यांचं मत डॉक्टरांच्या फोनमधून मी स्वतः ऐकलंय. ते मला 'पत्र्याचा डास' म्हणत.

"आहे कसा तुझा डास?"

"बरा आहे, बाबा. तुम्ही कसे आहात?"

"मी काय, जमिनीवर आहे."

एका बुधवारी त्यांच्या समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंचा फोन आला. डॉक्टर माझ्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. बाबा औषध आणायला खाली उतरले होते आणि परत वर चढताना दुसऱ्या मजल्यावर दम संपला. दोन तास ते जिन्यात बसून होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, वर उकडतंय, इथे गार वाटतं म्हणून पेपर वाचतोय.

"आणि पेपर परवाचा होता हो," त्या बाई म्हणाल्या.

डॉक्टर उठल्या आणि त्यांनी मला पुन्हा दोरांनी बांधून टाकलं. त्या दिवशी आम्ही उडालो नाही. महिन्याभरात त्यांनी शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दातांच्या विभागात जागा मिळवली, गावचा दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हाती सोपवला, आणि आम्ही घर शोधायला लागलो.

'आम्ही' म्हणतोय ते उगाच नाही. दोन बाजूंच्या मध्ये घर शोधणं जगातल्या सगळ्यांच्या नशिबी येतं. आईवडील एकीकडे, नोकरी दुसरीकडे. पण आमच्या बाईंना तिसरी बाजू होती, ती मी. मला बाल्कनीत बांधता येत नाही. शहरातला मोठा विमानतळ माझ्यासारख्याला दारात उभा करत नाही. एक छोटी धावपट्टी होती, शहराच्या दक्षिण टोकाला, नदीच्या पलीकडे. वडील उत्तर टोकाला. हॉस्पिटल बरोबर मध्ये.

डॉक्टरांनी नकाशा माझ्या शेपटीवर पसरला, कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि तीन वर्तुळं आखली. मग पट्टी ठेवून रेघा ओढल्या. वैमानिक माणूस, दुसरं काय करणार. आमच्या जगात दोन ठिकाणांमध्ये एक रेघ असते आणि त्या रेघेवर फक्त वारा असतो. त्यांनी ते शहर अठराव्या वर्षी शिक्षणासाठी सोडलं होतं. त्यानंतर ते जास्त करून वरूनच पाहिलं होतं.

घरांचा दलाल होता गोड बोलणारा, पण पहिल्याच भेटीत गोंधळला.

"मॅडम, पार्किंग आहे. झाकलेलं."

"रुंदी?"

"आरामात मोठी गाडी बसते."

"अकरा मीटर पंख बसतील का?"

दलाल हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. मग त्याने हसू हळूहळू आवरतं घेतलं.

त्याने आधी एक वसाहत दाखवली, जिथे प्रत्येक बंगल्याला मोटारीऐवजी विमानाचं गॅरेज होतं. लोक नाश्ता करून थेट धावपट्टीवर येत. मला तर स्वर्गच वाटला. पण तिथून हॉस्पिटल इतकं लांब होतं, की भूल दिलेला पेशंट डॉक्टर पोचेपर्यंत शुद्धीवर आला असता. मग एक फ्लॅट, हॉस्पिटलच्या अगदी समोर. खिडकीतून दुसरी खिडकी आणि त्या खिडकीतून तिसरी. "आकाश कुठंय?" डॉक्टरांनी विचारलं. दलाल म्हणाला, "गच्चीवर आहे मॅडम, पण सोसायटीची परवानगी लागते."

शेवटी डॉक्टरांनी त्याला वरूनच जागा दाखवायचं ठरवलं आणि माझ्यात बसवलं. मी त्याला दोषी धरत नाही. दुपारची हवा हेलकावे देत होती आणि त्याने भरपेट जेवण केलं होतं. एवढंच सांगतो, की त्याने स्वतःच्या कागदांच्या पिशवीचा उपयोग केला आणि तीन बंगल्यांची माहितीपत्रकं कायमची गेली.

नेमकं त्याच फेरीत डॉक्टरांना ते घर दिसलं. नदीपलीकडे, धावपट्टीच्या कुंपणाला लागून. बसकं, लाल छपराचं, पूर्वेला मोठी खिडकी. जिथे मला बांधून ठेवणार ती जागा त्या खिडकीतून समोर दिसत होती.

मी फुगलो. लपवत नाही. चाळीस वर्षांत कुणी माझ्यासाठी घर निवडलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी बाबांना फोन लावला. मी जवळच होतो.

"पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" बाबांनी एवढंच विचारलं.

"पलीकडे. पण पुलाचं काय, बाबा? नदी मी दहा सेकंदांत ओलांडते."

"तू ओलांडतेस. तुझी गाडी नाही ओलांडत."

"नकाशावर तुमच्यापासून पंचवीसच किलोमीटर आहे."

"अगं, रेघ ओढून कुणी शहरात राहत नसतं. सत्तावन्न नंबरचा शेवटचा थांबा पुलाच्या अलीकडे आहे. चाळीस वर्षांत बस पुलापलीकडे का नेली नाही, त्याला काहीतरी कारण असेल ना?"

"तुम्ही माझ्याकडे येऊन राहा, म्हणजे प्रश्नच मिटेल."

"मी कुठंही येत नाही. आणि डासाच्या शेजारी तर नाहीच."

डॉक्टरांनी घर घेतलं. तेव्हा मला बोलता येत असतं तर मी काही बोललो असतो का? नाही. मी गप्प बसून चकाकलो असतो.

पहिला महिना मजेत गेला. डॉक्टर खिडकीत उभ्या राहून दात घासायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. (तीन मिनिटं, गोल गोल. त्यांच्यासारखं दात घासणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.) मग तो पूल हळूहळू आमच्या आयुष्यात शिरला. सकाळी सगळं दक्षिण टोक त्या एका पुलावरून शहरात जायचं आणि संध्याकाळी तेच सगळं परत यायचं. जायला दीड तास, यायला पावणेदोन. डॉक्टरांनी गाडीत उशी ठेवली. मग पाण्याची बाटली, मग डबा. शेवटी टूथब्रशसुद्धा. पुलावर उभ्या गाडीत दात घासणारी दातांची डॉक्टर लोकांनी रोज बघितली असेल.

बाबांकडे जायचं म्हणजे तर पूर्ण शहर पार करायचं. आठवड्यातून तीनदा जायचं ठरलं होतं, ते दोनदा झालं, मग रविवारवर आलं. घरातून मी दिसायचो, पण माझ्यापर्यंत यायचं त्राण बाईंच्यात उरत नसे. बुधवार मात्र त्यांनी सोडला नाही. बुधवारी त्यांची सुट्टी. चारच्या सुमाराला आम्ही उडायचो, मोठ्या विमानतळाच्या मनोऱ्यावरून परवानगी घेऊन शहरावरून उत्तरेला जायचो आणि बाबांच्या इमारतीवर आलो की डॉक्टर माझे पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवायच्या. बाबा गच्चीवर येत नसत, गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असे. पण आवाज ऐकतात, असं त्या म्हणायच्या. मग वळून नऊ मिनिटांत परत.

त्या बुधवारी हवा स्वच्छ होती. इमारत आली, पंख झुकवले, एक चक्कर जास्तीची मारली. डॉक्टर खुशीत होत्या. मीही होतो. आम्ही परत आलो, मेकॅनिकने मला दोरांनी बांधलं आणि डॉक्टरांनी फोन उघडला. सात मिस्ड कॉल. सगळे समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंचे.

बाबा न्हाणीघरात पडले होते. उठता येईना. तांब्या फरशीवर आपटत राहिले. तो आवाज ऐकून त्या बाईंनी दार उघडवून घेतलं आणि रुग्णवाहिका बोलावून त्यांना तिथल्याच जवळच्या हॉस्पिटलात हलवलं. ते पडले त्यानंतर दहा मिनिटांनी आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर होतो, पंख हलवत.

नऊ मिनिटांत मी तिथून आलो होतो. तेवढंच अंतर परत जायला डॉक्टरांना दोन तास दहा मिनिटं लागली. त्या पोचल्या तेव्हा एक्स-रे झाला होता. डावा खुबा मोडला होता. खाटेवर पडल्या पडल्या बाबांनी आधी काय विचारावं?

"पुलावर किती वेळ गेला?"

"सव्वा तास."

"आज बुधवार. बुधवारी जरा बरा असतो."

डॉक्टरांनी त्यांचं पांघरूण नीट केलं. तेव्हा बाबा म्हणाले, "तुझा डास ऐकला मी. फरशीवरून. म्हटलं, आली. मग आवाज लांब गेला. म्हटलं, गेली."

हे डॉक्टरांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, माझ्या दाराला पाठ टेकवून, जमिनीवर बसून. मी पत्र्याचा आहे. पण त्या दिवशी माझ्यावर दगड पडले असते तरी मी तक्रार केली नसती.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या मजल्यावर चढणं आता शक्यच नव्हतं, त्यामुळे 'मी कुठंही येत नाही' म्हणणारे बाबा चौकटीची काठी घेऊन नदीपलीकडच्या घरात आले. त्यांची खाट पूर्वेच्या खिडकीशी लागली. म्हणजे बरोबर माझ्यासमोर. आम्ही दिवसभर एकमेकांकडे बघायचो. ते नाक मुरडायचे. मला नाक मुरडता येत नाही, सगळं अंगच नाकामागे आहे.

आणि एके सकाळी डॉक्टरांनी माझ्या मागच्या खिडकीत पाटी लावली: 'विकणे आहे.'

दोन दिवसांत बघायला माणूस आला. मी त्याच्या बुटांवरून ओळखलं. विमान शिकवणाऱ्या शाळेचा मास्तर! माझ्या पुढ्यात पुन्हा अकरा वर्षं उभी राहिली, दिवसाला वीस दणके आणि 'आता परत एकदा'. त्याने माझ्या चाकाला लाथ मारून पाहिलं आणि म्हणाला, "मजबूत आहे, पोरं टाकतील तसं टिकेल." शनिवारी न्यायला येतो असं सांगून गेला. मेकॅनिकने माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्या संध्याकाळी खिडकी उघडी होती. त्यामुळे पुढचं सगळं मी शब्दशः ऐकलं.

"ती पाटी कसली आहे?" बाबांनी विचारलं.

"विकतेय, बाबा."

"कशाला?"

"तुमच्याजवळ राहायला."

"मी इथेच बसलोय की!"

"हो, पण मी इथे कुठे असते? सकाळी सातला जाते, रात्री नऊला येते. हॉस्पिटलच्या समोर तो फ्लॅट अजून रिकामा आहे. विमानच नसेल तर पुलापलीकडे राहायचं कारण काय?"

"आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगशील, बाबांसाठी विमान विकलं."

"मी कुणाला सांगणार आहे?"

"तू नाही सांगणार. तू नुसती गप्प बसशील आणि खिडकीतून बाहेर बघशील. तुझी आई असंच करायची. मला नाही ते सोसायचं." बाबांनी काठीची चौकट जमिनीवर आपटली. "तुझं विमान चुकलं नाही. घर चुकलंय. घर निवडताना मला विचारायला हवं होतंस."

"मी विचारलं होतं!"

"तू सांगितलं होतंस."

डॉक्टर खिडकीपाशी आल्या आणि बाहेर बघू लागल्या. मग बाबा म्हणाले, "तुला वरूनच बघायची खोड आहे ना? चल. मला वरून दाखव. मी सांगतो कुठे राहायचं ते."

पुढच्या बुधवारपर्यंत थांबलो असतो तर मी शाळेत गेलो असतो. म्हणून डॉक्टरांनी शुक्रवारी रजा टाकली. बाबांना माझ्यात चढवणं म्हणजे पियानो जिन्यावरून नेण्यासारखं होतं. मेकॅनिकने खाली खुर्ची ठेवली, डॉक्टरांनी वरून काखेत हात घातले, आणि बाबा सगळ्यांना सूचना देत होते. "खांदा खाली. अरे, खाली म्हणजे खाली! प्रवासी कधी चढवला नाहीस का?" शेवटी ते उजव्या खुर्चीत बसले. आमच्यात उजव्या खुर्चीपुढेही सुकाणू असतं, पायाशी पट्ट्या असतात. त्यांनी सगळं निरखून पाहिलं.

"हॉर्न कुठंय?"

"नाही, बाबा."

"मग लोक बाजूला कसे होतात?"

उडालो. नदी आली आणि गेली. बाबांनी मागे वळून पुलाकडे पाहिलं. अकरा वाजले होते तरी पुलावर गाड्यांची रांग होती. डॉक्टरांनी मला सत्तावन्न नंबरच्या रस्त्यावर आणलं आणि त्या रस्त्याच्या वरून आम्ही उत्तरेकडे निघालो. बाजाराचं छप्पर, हॉस्पिटलची चौकोनी इमारत, रेल्वेचे रूळ, पाण्याची टाकी, शेवटी आगार, त्यात ओळीने उभ्या लाल बस, माचिसच्या काड्यांएवढ्या.

"हे आलं तुमचं आगार," डॉक्टर म्हणाल्या.

बाबांनी घड्याळ पाहिलं. "शेवटचा थांबा ते आगार?"

"आठ मिनिटं."

"एक तास चाळीस," बाबा म्हणाले. "गर्दी नसली तर. दिवसाला सहा फेऱ्या. चाळीस वर्षं." मग थोड्या वेळाने, "एवढंच होतं होय?"

मला त्या क्षणी वाटलं, की आपण फार मोठी चूक केली. माणसाचं आयुष्य त्याला इतक्या उंचावरून दाखवू नये. डॉक्टरांच्याही ते लक्षात आलं असावं.

पण बाबा ताठ बसले. "परत फिरव," ते म्हणाले. "सगळे थांबे चुकवलेस तू."

"विमान थांबत नसतं, बाबा."

"मग हळू तरी कर!"

डॉक्टरांनी मला वळवलं, इंजिनाचा जोर कमी केला, आणि आम्ही आगारापासून सत्तावन्न नंबर चालवायला सुरुवात केली. बाबा एकेक थांबा मोठ्याने सांगायचे. टाकी. इथे एक बाई रोज उशिरा धावत यायची, तिच्यासाठी अर्धा मिनिट थांबायचं. मुलींची शाळा. इथे आरसा बघायचा, पोरी मागच्या दाराला लटकतात. रूळ. हॉस्पिटल. इथे हळू उतरवायचं, लोकांची हाडं मोडलेली असतात. "आता मला कळलं," असंही म्हणाले. प्रत्येक थांब्याला त्यांचा उजवा पाय सवयीने ब्रेक दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता, माझं शेपूट वळवायची पट्टी होती. त्यामुळे दर थांब्याला मी उजवीकडे नाक वळवून बघत होतो.

"बाबा, पाय काढा!"

"अगं, लोक उतरतायत!"

मनोऱ्यावरची बाई रेडिओवर आली. "तुमची दिशा सारखी बदलतेय. काही अडचण आहे का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. "सत्तावन्न नंबर चालू आहे. थांबे घेतोय."

"बरं," ती बाई म्हणाली. "बाजाराच्या थांब्यावर वेळ घालवू नका, मागे एक हेलिकॉप्टर आहे."

शेवटचा थांबा आला. पुलाच्या अलीकडे, गोल वळसा, त्यात दोन बस उभ्या. त्या वळशामागे चार-पाच बैठी घरं आणि एक कँटीन.

"ते बघ," बाबांनी काचेवर बोट टेकवलं. "शेवटच्या थांब्याला राहावं. बस तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते. हॉस्पिटलपर्यंत बसची वेगळी पट्टी आहे, पस्तीस मिनिटं, मी सांगतो. गाडीत दात घासत बसायला नको. आणि पूल तुला फक्त सुट्टीच्या दिवशी लागेल, डासाकडे यायला. बुधवारी जरा बरा असतो."

"तिथे आवाज फार असेल, बाबा."

"कसला आवाज? ते वेळापत्रक आहे."

उतरल्यावर डॉक्टरांनी आधी पाटी काढली. मग बाबांना काढलं. शाळेच्या मास्तराला मेकॅनिकने इतक्या आनंदाने फोन केला, की तो बिचारा समोरून अभिनंदन करत होता.

दलाल पुन्हा आला. माझ्यापासून वीस पावलं लांब उभा राहून बोलला. थांब्यामागचं तळमजल्याचं घर वर्षभर रिकामं होतं. बसच्या धुरामुळे, हॉर्नमुळे कुणी घेत नव्हतं. "मॅडम, मनापासून सांगतो, नका घेऊ," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरं बोलला असेल, आणि नेमकं तेव्हाच त्याचं कुणी ऐकलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. डॉक्टर हॉस्पिटलात बसने जातात, बसायला जागा मिळते. दुपारपर्यंत बाबा कँटीनमध्ये असतात आणि तरुण ड्रायव्हरांना नको असलेले सल्ले देतात. त्यांच्या खिडकीतून मी दिसत नाही. आमचं जुनं लाल छपराचं घर एका जोडप्याने घेतलंय. त्यांना माझा आवाज सहन होत नाही, तशी तक्रारही त्यांनी केलीय. मी तिसऱ्या रांगेत उभा असतो, उन्हाने रंग उडालाय, डाव्या दाराची कडी लागत नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिन अजून दोन वर्षं जाईल. बाबा स्वतःबद्दल तेच म्हणतात. बाबाही दर बुधवारी येतात, आणि आमच्या दोघांत आधी कोण जाणार यावर त्यांची आणि मेकॅनिकची भांडणं होतात, माझ्यादेखत.

मला वाईट वाटतं का? वाटतं. बाईंना रोज सकाळी खिडकीत बघायची मला सवय लागली होती. पण मला विचारून घर निवडलं तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. घर शोधताना विमानाला विचारू नका. मोटारीला, कुत्र्याला, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरालाही नका विचारू. जो त्या रस्त्याने रोज गेलाय, त्याला विचारा. तो तिरकस बोलेल, तेवढं सोसा.

आणि तुम्हाला एक विनंती आहे. बुधवारी चारच्या सुमाराला तुमच्या डोक्यावरून एक जुनं विमान अगदी रेंगाळत गेलं आणि दर थोड्या अंतरावर उजवीकडे नाक वळवून बघू लागलं, तर विमान बिघडलंय असं समजून कुठे फोन करू नका. आम्ही ठीक आहोत. खाली कुणी चढायचं राहिलं नाही ना, एवढंच बघतोय.